अर्धं जावळ

फकिरानं पिशवीतून वस्तरा काढला तेव्हा रेणुकाचा पहिला प्रश्न पात्याचा होता.

“नवंच हाय ताई. तुमच्यासमोर तर फोडलं.”

“समोर फोडलंत, आणि मग त्यानंच बन्सीच्या मिशा कोरल्यात.”

“मामाच्या मिशा म्हंजे घरच्याच की.”

“पातं बदला.”

फकिरानं मुकाट्यानं पातं बदललं, औषधाच्या पाण्यात बुचकळलं आणि म्हणाला, “वस्तरा पुसायला एखादा कागद द्या बरं. जुना पेपरबी चालंल.” पण पुंडलिकनगरच्या त्या गच्चीवर जमलेल्या तीस-पस्तीस माणसांपैकी कुणी जागचं हललं नाही. सगळ्यांचं लक्ष कारभारी नानांच्या मांडीवरच्या निळ्या फायलीकडं होतं. लेकराच्या जावळाला माणूस झबलं आणतो, वाळे आणतो. नाना फाईल घेऊन आले होते.

फायलीत काय आहे ते रेणुकाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्यानं, बद्रीनं, कालच सांगून टाकलं होतं. तेही चपला घालता घालता, म्हणजे उत्तर ऐकायला थांबावं लागू नये. “नाना अर्ज टाइप करून आणणारेत. तू फक्त सही कर. उद्याच्या सुनावणीआधी तक्रार मागं घेतली की सोयगाव रद्द.”

सोयगाव रद्द. जणू ते गावच कुणी नकाशावरून खोडणार होतं.

डिसेंबरात शाळेत पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली. सेवाज्येष्ठतेच्या यादीत पहिलं नाव रेणुकाचं. हेडमास्तर वैजनाथ सरांनी यादी बघितली, रेणुकाकडं बघितलं आणि मायेनं म्हणाले, “मॅडम, लेकुरवाळ्या बाईवर कशाला भार टाकायचा?” मग तो भार त्यांनी यादीत तिच्या चार वर्षं मागं असलेल्या एका सरांच्या खांद्यावर ठेवला. त्या सरांनाही दोन लेकरं होती, पण ती पाजायची जबाबदारी त्यांच्याकडं नव्हती. रेणुकानं शिक्षणाधिकाऱ्यांकडं दीड पानाची तक्रार केली. आठ वर्षांच्या नोकरीत तिला एकही मेमो नव्हता. तक्रारीनंतर नऊ आठवड्यांत सात आले. एक फळ्यावरचा सुविचार शिळा असल्याबद्दल. एक पाचव्या तासाला दोनदा पाणी प्यायल्याबद्दल. आणि त्या पाण्याचा खुलासा ‘उद्धट हस्ताक्षरात’ दिला म्हणून आणखी एक. शेवटी सातव्या मेमोचा हवाला देऊन बदलीचा हुकूम निघाला, संस्थेच्या सोयगावच्या शाखेत. म्हणजे पहाटेची एसटी, दिवेलागणीनंतर परत, आणि मधल्या वेळात तेरा महिन्यांचा सारंग आजीच्या दुखऱ्या गुडघ्यांवर.

आणि त्या संस्थेचे सचिव म्हणजे हेच कारभारी नाना, बद्रीच्या आत्याचे यजमान. शाळेत त्यांच्यासमोर उभं राहायचं आणि घरी त्यांच्या पाया पडायचं, हे रेणुका लग्नापासून सहा वर्षं बिनचूक करत आली होती.

“चालू करा,” चौरंगावरून बन्सी म्हणाला. तो रेणुकाचा धाकटा भाऊ. मामाच्या मांडीवर बसवूनच जावळ काढायचं, म्हणून अर्ध्या तासापासून मांडी घालून बसला होता आणि त्याचा एक पाय केव्हाच मुंग्यांच्या ताब्यात गेला होता. सारंग त्याच्या पोटाला टेकून फकिराच्या वाटीकडं टक लावून बघत होता. आता रडेल, मग रडेल, असं म्हणत रेणुकानं खुळखुळा, केळं, पाण्याची बाटली आणि टॉवेल असं सगळं हाताशी मांडून ठेवलं होतं. लेकरू रडत नव्हतं, तर त्याचीही तिला काळजी वाटायला लागली होती.

शेजारच्या पाटावर द्वारकाआत्या पदर पसरून बसल्या होत्या. या घराण्यात जावळाचा एक केस भुईला लागू देत नाहीत. बाळाच्या आत्यानं तो पदरात झेलायचा आणि मग पैठणला नेऊन गोदावरीत सोडायचा. बद्रीला बहीण नव्हती, म्हणून मान त्याच्या आत्याकडं गेला. आणखी एक दंडक असा, की ज्या पदरात पहिली बट पडली त्याच पदरात शेवटची पडली पाहिजे. मध्येच पदर बदलला तर लेकराचं आयुष्य दोन ठिकाणी वाटलं जातं म्हणतात. कोण म्हणतं ते कुणी विचारलं नव्हतं.

फकिराचा हात सराईत होता. उजव्या कानामागून वस्तरा सरकला आणि पहिली बट, रेणुकानं तेरा महिने तेल लावून जपलेली कुरळी बट, आत्यांच्या जांभळ्या पैठणीत पडली. बायकांनी ‘अगं बाई’ केलं. उजवी बाजू साफ झाली. कपाळापासून मानेपर्यंत मधोमध सरळ रेघ. एका बाजूला गुलाबी टक्कल, दुसऱ्या बाजूला रान.

नाना खाकरले.

द्वारकाआत्यांनी पदर गोळा केला, केसांसकट कमरेला खोचला आणि उठल्या.

“थांब रे फकिरा.”

फकिराचा वस्तरा हवेतच थांबला. “काय झालं बाई?”

“काय नाय. आधी सही होऊ दे.”

*

खाली शिजणाऱ्या येसराच्या आमटीचा रटरटाट वर गच्चीवर ऐकू यायला लागला.

“आत्या,” बद्री म्हणाला, “आधी एवढं उरकू ना. मग बसून बोलू.”

“बसून बोलायला तीन महिने झाले बद्री. तू बसलास, मी बसले, नाना बसले. तुही बायको काही बसंना.”

“ताई, तू सही करू नको,” बन्सी चौरंगावरून कडाडला. त्याला उठून दोन पावलं पुढं यायचं होतं, पण मांडीवर भाचा आणि एका पायात मुंग्या, त्यामुळं त्यानं नुसतीच मान पुढं काढली. “हा जुलूम आहे. सरळ जुलूम!”

“तू मामा हायस, गुमान मामासारखा बस,” आत्या म्हणाल्या. “उठलास तर लेकरू पडंल.”

सांडूअण्णा, म्हणजे घराचे कर्ते, रेणुकाचे सासरे आणि द्वारकाआत्यांचे थोरले भाऊ, खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. “द्वारका, मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांपर्यंतच हाय.”

“मग सुनेला सांग ना दादा.”

“रेणुका, मुहूर्त बारा दहापर्यंतच हाय,” अण्णांनी निरोप पोचवला.

रेणुकानं सारंगकडं बघितलं. अर्ध्या डोक्याचं तिचं लेकरू आता हातानं आपली टक्कल असलेली बाजू चाचपत होतं आणि ही कुठली नवी जागा असा चेहरा करत होतं. ऊन चढत होतं. त्या उघड्या कातडीला ऊन लागेल, सर्दी होईल, ताप येईल आणि ताप आला की उद्या सुनावणीला कसं जायचं? तिनं चटकन टोपी पुढं केली. टोपी एका बाजूनं बसली, दुसऱ्या बाजूनं उचलली गेली.

“आत्या, हे दोन वेगळे विषय आहेत,” ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली. हा तिचा वर्गातला आवाज. “शाळेचं शाळेत. हे लेकराचं कार्य आहे.”

“वेगळे कसे? नाना एकच हायेत ना? त्यांनीच चिकटवलं तुला.”

“मी बीएस्सी बीएड आहे. मुलाखतीत पहिली आले होते.”

“मुलाखत घेतली कुणी?”

मुलाखत नानांनीच घेतली होती.

नानांनी फायलीतून कागद काढला. वर संस्थेचं नाव, खाली रेणुकाचं. ‘गैरसमजातून केलेली तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.’ सहीच्या जागी पेन्सिलीनं छोटी फुली. पूर्वी ते शाळेतल्या सगळ्याच बायकांना अशी फुली मारून द्यायचे, कारण त्यांच्या मते बायका सही भलतीकडं करतात.

“बेटा,” नाना म्हणाले, “मी काही दुश्मन आहे का तुझा? सही कर, उद्या बदली रद्द. तू खूश, लेकरू खूश.”

“आणि पर्यवेक्षकाची जागा?”

“ती पुढच्या खेपेला बघू. तवर लेकरू मोठं होईल.”

“तवर दुसरं होईल,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रेणुकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वैजनाथ सर नेमकं हेच म्हणाले होते, फक्त ते शुद्ध मराठीत म्हणाले होते.

“तेवढा कागद...” फकिरा हळूच म्हणाला. वस्तऱ्यावरचा फेस वाळायला लागला होता.

*

द्वारकाबाईंना पर्यवेक्षक म्हणजे काय ते आजवर कळलं नव्हतं, आणि कळावं अशी त्यांची फारशी इच्छाही नव्हती. शाळेत कोण कुणाच्या वर बसतं यानं त्यांच्या घरच्या दुधावर साय कमी पडणार नव्हती. त्यांचं दुखणं निराळं होतं आणि ते अकरा फेब्रुवारीपासून ठसठसत होतं.

अकरा फेब्रुवारीला शिवकन्येचा, त्यांच्या एकुलत्या एका पोरीचा, साखरपुडा झाला. बीड बायपासच्या लॉन्सवर. चारशे माणूस. वर ड्रोन. जालन्याचे व्याही असे तोंड वर करून बघत राहिले होते, की त्यांच्या पत्रावळीत जिलेबी कधी पडली तेही त्यांना समजलं नाही. आणि वाढायला शाळेचे बावीस शिक्षक. सगळ्या बायका एका रंगाच्या साडीत, सगळे सर टोपीत. हेडमास्तर स्वतः वरणाच्या बादलीपाशी उभा. दरवर्षी नानांच्या घरी काही ना काही निघायचंच आणि शाळा यायचीच. त्यात नवं काही नव्हतं.

नवं ते रेणुकानं केलं. ती त्या दिवशी बाई म्हणून वाढायला होती आणि वहिनी म्हणून ओवाळायला. सव्वा वाजता नवरीला वहिनीनं ओवाळायचं. ताट तयार, निरांजन पेटलेलं, ड्रोन खाली उतरलेला, आणि वहिनी नाही. कुठं गेली? कुणाला ठाऊक नाही. भाताचं पातेलं तिथंच, त्यात डाव तसाच. शेवटी हेडमास्तरच्या बायकोनं ओवाळलं. जालन्याच्या विहीणबाईंनी सगळ्यांच्या देखत विचारलं, “नवरीला सख्खी वहिनी नसली म्हणून काय, मामेभावाची बायको हाय म्हणत होता ना?”

तो प्रश्न आठवला आणि द्वारकाबाईंच्या तोंडून जे तीन महिने बाहेर पडलं नव्हतं ते पडलं.

“व्हय! तो सातवा मेमो मीच द्यायला लावला!” त्या म्हणाल्या. “भर साखरपुड्यातून उठून गेली. मह्या पोरीच्या ओवाळणीचं ताट तसंच राह्यलं. ही कसली नोकरी आन् हे कसलं नातं? म्हणलं, हिला लागू दे एकदा. जाऊ दे सोयगावला!”

नानांनी डोळे मिटले. आठवडाभर ते बायकोला एकच गोष्ट बजावत होते, की मेमोबद्दल तू काही बोलू नको.

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” बन्सी ओरडला. “मेमो साखरपुड्याचा आहे! ऐकलंत ना?” त्या ओरडण्यानं अखेर सारंग रडायला लागला.

*

मनकर्णाबाई, रेणुकाच्या सासूबाई, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पळी हातात घेऊन उभ्या होत्या. आमटीचं मीठ विचारायला वर आल्या होत्या आणि तिथंच थांबल्या होत्या. नातू रडताना बघून त्यांचा गुडघा नेहमीपेक्षा जास्त दुखला.

सही कर, असं त्यांनीही रेणुकाला सांगितलं होतं. दोनदा. भांडण नको, नणंदेचं घर, जाऊ दे. आयुष्यभर त्यांनी ‘जाऊ दे’ म्हणतच दिवस काढले होते. पण आत्ता त्यांची नजर सारंगच्या डोक्यावर नव्हती. ती द्वारकाबाईंच्या कमरेला खोचलेल्या पदरावर होती.

ती जांभळी पैठणी मनकर्णाबाईंच्या लग्नातली होती.

छत्तीस वर्षांपूर्वी, सिल्लोडच्या घरात, बद्रीचं जावळ असंच अर्ध्यावर थांबलं होतं. तेव्हाही द्वारकाबाई अशाच उठल्या होत्या. ‘मला वहिनीच्या ट्रंकेतली जांभळी पाह्यजे, तरच पदर पसरते.’ सासूनं डोळे वटारले, सांडूअण्णांनी मुहूर्त सांगितला. बद्री दुपारपर्यंत अर्ध्या डोक्यानं अंगणात रांगत होता आणि गल्लीतली पोरं कुंपणावरून बघायला येत होती. मनकर्णाबाईंनी ट्रंक उघडली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्याला ती साडी त्यांच्यासमोर मिरवत यायची. आजही आली होती. नातवाचे केस तिच्यातच होते.

पळी जिन्याच्या कठड्यावर ठेवून त्या पुढं आल्या.

“वन्सं, त्या दिवशी तिला फोन मी केला होता.”

“काय?”

“लेकराच्या अंगात ताप भरला होता. एकशे तीन. मला काय सुधरंना. मी म्हणलं, असशील तशी ये. ती रिक्षानं आली. साडीला वरण सांडलेलं. आन् मी तुम्हाला सांगितलं नाय, कारण मला तुमचं भेव वाटलं.” एवढं बोलून त्यांना दम लागला. इतकं सलग त्या बहुतेक पहिल्यांदाच बोलत होत्या. “पण आता एक इचारते. मेमोत साखरपुडा लिव्हलाय का?”

“नसंल तर काय लिव्हलंय?”

“रेणुका,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “काल पोळ्या लाटताना वाचत होतीस ना, ते गुरांचं. ते वाच वन्संला.”

“आई, नको,” बद्री घाईनं म्हणाला. “ते नको. आपलं ठरलंय ना, साखरपुड्याचं नाव कागदात आणायचं नाही.”

“तुमचं ठरलंय. माझं नाय.”

रेणुकानं सासूबाईंकडं बघितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण या बाईंना ती आज पहिल्यांदा बघत होती. मग तिनं लंगोटांच्या पिशवीत हात घातला. तिचे सगळे महत्त्वाचे कागद त्याच पिशवीत असायचे, कारण ती पिशवी ती कधीच विसरत नसे.

*

नानांना त्या कागदावरचा शिक्का लांबूनच ओळखू आला. शाळेचा. ‘माहिती अधिकारात दिलेली प्रत’. खाली त्यांची स्वतःची सही होती. आता या सहीच्या वर काय लिहिलेलं आहे तेवढं त्यांना ठाऊक नव्हतं. वैजनाथ सर म्हणाले होते, “साहेब, त्या दिवसाची दप्तरी सोय लावून ठेवली आहे,” आणि नानांनी नोंदवही न वाचता ‘पाहिले, समाधानकारक’ असं लिहून दिलं होतं. चोवीस वर्षं ते असंच लिहीत आले होते आणि चोवीस वर्षं सगळं समाधानकारकच निघालं होतं.

“शाळेची क्षेत्रभेटीची नोंदवही,” रेणुका वाचू लागली. “दिनांक अकरा फेब्रुवारी. इयत्ता आठवी. सोबत बावीस शिक्षक. विषय, पशुपालन.”

“काय पालन?” द्वारकाबाई म्हणाल्या.

“पशु. गुरंढोरं. भेटीचे स्थळ, आदर्श गोठा, बीड बायपास.”

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

“बेटा, हे वाचायची काही गरज नाही,” नाना म्हणाले.

“वाच गं,” द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि हे चिन्ह बरं नव्हतं हे नानांना बत्तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं.

“निरीक्षणे. जनावरांची संख्या सुमारे चारशे.”

“चारशे.”

“चारापाण्याची व्यवस्था उत्तम. जनावरे धष्टपुष्ट व शांत स्वभावाची.”

“धष्टपुष्ट,” द्वारकाबाई म्हणाल्या. जालन्याच्या विहीणबाई डोळ्यांसमोर आल्या असाव्यात.

“नव्याने आणलेला वळू देखणा, मात्र थोडा बुजरा.”

आता हसू कुणाला आवरेना. बन्सी हसता हसता इतका हलायला लागला की त्याच्या मांडीवर सारंगची हनुवटी वरखाली होऊ लागली आणि त्याला वाटलं हा नवा खेळ आहे. तोही रडता रडता हसला.

“जावई बुजरेच हायेत,” द्वारकाबाई सावकाश म्हणाल्या. “पुण्याला इंजिनिअर हायेत. बुजरे हायेत म्हणून त्यांना...”

“द्वारका, ते जुन्या कुठल्या तरी वर्षाचं उतरवून काढलंय त्या वैजनाथनं!” नाना उठून उभे राहिले. “नुसती दप्तरी सोय असते ती. शाळा बंद ठेवली असं लिहिता येत नाही ना. कागदाला कोण विचारतो?”

“खाली सही कुणाची हाय?”

रेणुकानं कागद वळवून दाखवला.

“‘समाधानकारक’,” सांडूअण्णांनी चष्मा चढवून वाचलं. “दाजी, अक्षर तुमचंच हाय.”

“आणि सातव्या मेमोत असं लिहिलंय,” रेणुका म्हणाली. तिचा आवाज अजून वर्गातलाच होता. “‘आपण दिनांक अकरा रोजी दुपारी एक वाजता गोठ्यातून विनापरवानगी निघून गेलात.’ यावर माझी बदली झाली आहे, आत्या. मी खुलाशात काय लिहू? गोठ्यात नव्हतेच म्हणू, तर मग कुठं होते ते लिहावं लागेल. आणि होते म्हणू, तर शिवकन्याताईचा साखरपुडा...”

“गप!” द्वारकाबाई म्हणाल्या. पण हे रेणुकाला नव्हतं. त्या नानांकडं वळल्या होत्या.

“मह्या पोरीचा साखरपुडा गोठ्यात केला तुम्ही?”

“अगं, केला नाही, लिहिला.”

“सरकारी कागदावर लिव्हला! उद्या कुणी जालन्याला नेऊन दावला तर? व्याह्यानं वाचलं तर? चारशे जनावरं! त्यात मह्या भावकीतली दोनशे होती!” त्यांनी गच्चीवर हात फिरवला. “ही समदी होती!”

आता मात्र हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. प्रत्येकजण आपण त्या दिवशी काय जेवलो ते आठवायला लागला.

“मी उद्या वैजनाथला सांगून ते पान बदलून टाकतो,” नाना म्हणाले.

“शिक्का मारलेली प्रत आहे, नाना,” रेणुका म्हणाली. “एक शिक्षणाधिकाऱ्यांकडं गेलीय.”

नाना परत खुर्चीत बसले. मग ज्या आवाजात ते संस्थेच्या सभेत ठराव मागं घेतात त्या आवाजात म्हणाले, “बरं. बदली रद्द करतो. सातही मेमो मागं घेतो. आज संध्याकाळी लेखी देतो. सगळं मिटलं. तू ती तक्रार तेवढी...”

बद्रीनं रेणुकाकडं बघितलं. एवढं पुरे, घे, असं त्याचे डोळे म्हणत होते. सोयगाव खरंच रद्द होत होतं. पहाटेची एसटी नाही, आजीच्या गुडघ्यांवर लेकरू नाही. रेणुकानं सारंगच्या नाकाखालचं पुसलं, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं.

“मेमो मागं घ्या. बदली रद्द करा,” ती म्हणाली. “ते तुमचंच होतं. तक्रार मेमोंची नव्हतीच नाना. मेमो नंतर आले. यादीत माझं नाव पहिलं होतं, आणि मला लेकरू आहे म्हणून ते खाली गेलं, ही तक्रार आहे. ती उद्या मी चालवणार.”

ती इतक्या हळू बोलली की मागच्यांना नीट ऐकूही गेलं नाही. मनकर्णाबाईंना गेलं. त्यांनी पळी उचलली, पण खाली गेल्या नाहीत.

“ऐका हिचं,” नाना बायकोला म्हणाले. “बघितलंस? म्हणून म्हणत होतो. चल, उठ, आपण जाऊ.”

द्वारकाबाईंनी कमरेचा पदर सोडला. सगळ्यांना वाटलं आता केस झटकणार. बन्सीनं भाच्याला छातीशी धरलं. पण त्या पाटावर बसल्या, पैठणी मांडीवर नीट पसरली, सटकलेली एक बट उचलून मध्ये ठेवली.

“मला ते पर्यवेक्षक-बिर्यवेक्षक काय कळत नाय,” त्या म्हणाल्या. “तुह्या तक्रारीचं तू बघ. सही तू करणार नायस ते दिसायलंय. ओवाळणीचं मी विसरले नाय, तेबी सांगून ठेवते. पण उद्या त्या साहेबासमोर एक गोष्ट लिव्हून झाली पाह्यजे. अकरा तारखेला गोठा-बिठा काय नव्हता. साखरपुडा होता. शिवकन्या कारभारीचा. लॉन्सवर. किती वाजता हाय तुही सुनावणी?”

“अकराला.”

“मी दहालाच येते. ड्रोनची शूटिंग आणते. त्यात हेडमास्तर वरण वाढायलाय ते क्लिअर दिसतंय.”

“द्वारका!” नाना म्हणाले. “अगं, मी सचिव आहे. मी कुणाच्या बाजूला बसायचं तिथं?”

“तुम्ही बसा गुरांच्या बाजूला.”

सांडूअण्णांनी घड्याळ पुढं केलं. “बारा वाजून दोन मिनिटं. आठ राह्यली.”

“मग बघतोस काय फकिरा? चालव.”

फकिरा पुढं सरसावला, सारंगचं डोकं डाव्या हातानं अलगद कलतं केलं, आणि थांबला. वस्तऱ्यावर फेस खडखडीत वाळला होता.

“बाई, सकाळपासून म्हणायलोय. पुसायला एक कागद.”

द्वारकाबाईंनी पदर हलू न देता हात लांब केला, नवऱ्याच्या मांडीवरच्या फायलीतून अर्ज ओढला आणि फकिराला दिला. फकिरा हिशेबी माणूस होता. मोठ्या लोकांचे कागद तो विचारल्याशिवाय वापरत नसे. त्यानं अर्ज उलटसुलट करून बघितला. एका बाजूला टाइप केलेलं होतं, खाली पेन्सिलीची फुली. दुसरी बाजू कोरी.

“कोणती बाजू वापरू?”

“लिव्हलेली,” द्वारकाबाई म्हणाल्या.